रोट्या लाटणारा हात

क्षमा घोरपडेनं कराडला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात मुलगी ती एकटीच, आणि पहिला नंबरही तिचाच. मग लग्न झालं. नवरा दिवाकर रणगाड्यांच्या पलटणीत. त्याच्या बदल्यांपायी अठरा वर्षांत तिनं सहा घरं लावली आणि सहा वेळा ट्रंका भरल्या. नोकरी एकही करता आली नाही.

दिवाकरची झाशीजवळच्या बबीना छावणीत बदली झाली आणि झाशीत घर मिळालं. जवळच्या एका खासगी कॉलेजात बायोमेकॅनिक्सचा, म्हणजे माणसाच्या हाडास्नायूंच्या हालचालींच्या शास्त्राचा, वर्षभराचा कोर्स निघाला होता. क्षमानं नाव घातलं. शिकवणारे नीरज सर तिच्याहून दहा वर्षांनी लहान.

"मॅडम, आप? इतने साल बाद?" त्यांनी विचारलं.

"गंज चढलाय सर," ती म्हणाली. "घासून बघते."

सहा महिन्यांत ती संगणकावर कृत्रिम बोटं आखायला आणि थ्रीडी प्रिंटरमधून काढायला शिकली. त्याच सुमारास जवळच्या बरुआसागर गावची शकुंतला लॅबमध्ये आली. शाळेत मुलांचं जेवण रांधणारी बाई. गुरांच्या चाऱ्याची कुट्टी करायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. अंगठा आणि तळवा तेवढा राहिला होता. शाळेनं तिच्या जागी तात्पुरती दुसरी बाई ठेवली होती.

क्षमानं तीन आठवडे खपून हात केला. चार रेखीव बोटं, वर नखंसुद्धा. शकुंतलानं तो चढवला, बेलन, म्हणजे लाटणं, धरलं आणि दाब दिला. बेलन सटकून थेट नीरज सरांच्या पायाशी गेलं. सरांनी वाकून ते उचललं. शकुंतलालाच हसू फुटलं.

"जिज्जी, जौ तो ब्याव में पहनबे खों अच्छो है!"

लग्नात मिरवायचा हात! क्षमाही हसली खरी, पण घरी आल्यावर तिला जेवण जाईना. दिवाकर म्हणाला, "आमच्याकडे नवा माणूस आला की आधी रणगाड्यात बसवतात. बाहेरून बघून काही कळत नाही."

दुसऱ्याच दिवशी ती बरुआसागरची बस धरून शकुंतलाच्या चुलीपाशी जाऊन बसली. शकुंतलाची सासू रोट्या लाटत होती, क्षमा तिच्या हातांकडे बघत होती. तासाभरानं तिच्या लक्षात आलं, की लाटताना जोर तळव्याचा असतो. बोटं बेलनाला फक्त आधार देतात. म्हणजे चार नाजूक बोटांची गरजच नव्हती. दोन रुंद, वाकडी बोटं पुरली असती, आतून रबरासारखं अस्तर लावलेली.

नवा हात दिसायला ओबडधोबड झाला. मनगट वाकवलं की आतल्या दोऱ्या ताणल्या जायच्या आणि बोटं मिटायची. लॅबमध्ये बेलन एकदाही सटकलं नाही. पण शकुंतलाच्या चुलीपुढे अर्ध्या तासात बोटं मेणासारखी वाकली. प्लास्टिकला आच सोसली नव्हती.

"अब रहन दो जिज्जी," शकुंतला हळूच म्हणाली.

"रहन कैसे दूँ? हात बरोबर आहे, कातडं चुकलंय," क्षमा म्हणाली. घाईत हिंदी-मराठीची सरमिसळ झाली, पण शकुंतलाला कळायचं ते कळलं.

उष्णता सोसणारं प्लास्टिक मिळालं, तर ते छपाईत गार होताना कडेनं वळून वर यायचं. क्षमानं ऊब टिकावी म्हणून प्रिंटरला पेटीत बंद केलं, तापमान दोन-दोन अंशांनी वाढवत नेलं. नऊ हात बिघडले, दहावा उतरला. तो तिनं स्वतःच्या गॅसजवळ ठेवून अख्खा स्वयंपाक केला. बोटं जशीच्या तशी.

शाळेत शकुंतलाची परीक्षा ठरली ती सोमवारी. मुख्याध्यापिका दारात उभ्या. शकुंतलानं पट्टा आवळला, गोळा घेतला. पहिली रोटी वेडीवाकडी झाली. दुसरी बरी. पाचवीनंतर तिनं हाताकडे बघणंच सोडलं. शेजारी रोट्या भाजणाऱ्या बाईशी गप्पा मारत ती लाटत राहिली. तासाभरात परात रिकामी आणि टोपलीत सत्तर रोट्या. मुख्याध्यापिकांनी एक मोडून खाल्ली.

"कल से आ जाओ," त्या म्हणाल्या.

शकुंतलानं क्षमाला मिठी मारली ती पिठाच्या हातांनी, दोन्ही. क्षमाच्या पाठीवर दोन पंजे उमटले, एक पाच बोटांचा, एक तिनांचा. ती तशीच भरल्या बसमधून घरी आली. कुणी बघितलं तर बघू दे, असं तिला वाटत होतं.

पुढच्या महिन्यात कॉलेजनं तिला लॅबमध्ये डिझाइन इंजिनिअर म्हणून घेतलं. चाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी! दिवाकरनं पलटणीत पेढे वाटले. आता हात मागायला कुणी आलं की क्षमा आधी त्या माणसाचं काम बघायला जाते, माप नंतर घेते. गेल्या आठवड्यात चिरगावचा, एक बोट गेलेला ढोलकवाला येऊन गेला. सध्या घोरपड्यांच्या घरात दिवसभर ढोलक वाजतंय, आणि वाजवतेय क्षमा, एक बोट बांधून.