कोल्हापूरकडं तोंड केलेली काठी

विमान बघायला वर बघावं लागतं, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. आता आमच्या घरात सगळे खाली, मोबाइलमध्ये बघतात आणि वर बघायचं काम स्लॅबवर उभी केलेली एक काठी करते. ही काठी कुठं उभी करायची यावरून आमच्या घरात जेवढी अक्कल पाजळली गेली, तेवढी घर बांधतानाही पाजळली गेली नव्हती. आणि ते घर बघितलंत तर तुम्हाला कळेल मी काय म्हणते ते.

घर बेळगावजवळच्या कडोलीत. मी बेळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नवरा शेती करतो, साखर कारखान्यात नोकरी करतो आणि घरातल्या वादात काहीच करत नाही. वाद घालायचं खातं थोरल्या दिरांकडं आहे. त्यांना घरात आणि गावात सगळे अण्णा म्हणतात. सीमाप्रश्नाच्या एकाही मोर्चाला ते चुकलेले नाहीत आणि एकाही गोष्टीत ते चुकलेले नाहीत, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

आमची मुलगी एकुलती एक. ती सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर, विमान चालवायला शिकते. तिनं हे ठरवलं तेव्हा पोरीच्या जातीनं विमान कशाला, असं अण्णा म्हणतील अशी माझी तयारी होती. ते तसं काही म्हणाले नाहीत. "शिक की," म्हणाले, "पण म्हाराष्ट्रात जाऊन शिक. सांबऱ्यात बोर्ड सगळे कन्नडात." विमानाला बोर्ड वाचत उडावं लागत नाही, हे त्यांना कोण सांगणार.

मला भीती वाटत होती. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला भीती कमी वाटते, असं काही नसतं. उलट पंखावरून हवा कशी वाहते हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते, त्यामुळं ती वाहायची थांबली तर काय होतं हेही मला माहीत आहे. सध्या शिकवणारे साहेब शेजारी बसत होते, पण एक दिवस ते उतरणार आणि हिला एकटीला वर सोडणार, हे ठरलेलं होतं. त्या दिवशी तू यायचं नाहीस, असं तिनं मला बजावलं होतं. "तू कुंपणाजवळ उभी राहिलीस की माझं निम्मं लक्ष तुझ्याकडं राहणार, आई." ते मला पटलं. म्हणून मी घरी बसून ती खाली उतरलेली बघायची सोय केली.

सोय तशी साधी आहे. विमान आपण कुठं आहोत, किती उंच आहोत, हे रेडिओवरून सारखं सांगत असतं. हातभर लांबीची, काठीसारखी एक अँटेना ते ऐकते, केबलमधून खाली रिसीव्हरला देते आणि मोबाइलच्या नकाशावर विमानाचं चित्र सरकताना दिसतं. असं यंत्र घरी ठेवणाऱ्या लोकांचा एक ग्रुपही असतो. मी त्यात गेले आणि पस्तावले. कुणाच्या काठीला किती लांबचं ऐकू येतं, यापलीकडं तिथं विषय नाही. एकाला म्हणे अरबी समुद्राच्या मध्यावरचं विमान दिसतं. मी विचारलं, जवळचं आणि कमी उंचीवरचं विमान नीट दिसायला काय करावं? कुणी उत्तरच दिलं नाही. जवळच्याची तिथं काही किंमत नसते.

उत्तर मला माहीत होतंच. अँटेना आणि विमान यांच्या मध्ये काही यायला नको. खूप उंचावरचं विमान पुण्यापलीकडचंही दिसेल, पण सांबऱ्याभोवती घिरट्या घालणारं छोटं विमान मध्ये एक भिंत आली तरी दिसणार नाही. आमच्या स्लॅबवर आग्नेयेच्या कोपऱ्यात सिमेंटची पाण्याची टाकी आहे आणि त्याच दिशेला सांबरा. म्हणून अँटेना टाकीच्या वर पाहिजे, असं मी म्हटलं. झालं.

"टाकीवर? आन् आपला पाइप काय मेला व्हय?" अण्णा म्हणाले.

वायव्येच्या कठड्याला एक जुना लोखंडी पाइप आहे. टीव्हीला दोनच चॅनेल दिसायची त्या काळात अण्णांनी तो उभा केला आणि त्यावरची अँटेना कोल्हापूरकडं वळवली. बेंगळूरचं नको, मराठीच बघायचं म्हणून. पडद्यावरच्या मुंग्यांमधून बातम्या देणाऱ्या बाईचा नुसता आवाज यायचा आणि निम्मी गल्ली तो ऐकायला जमायची. टीव्ही गेला, डिश आली, पाइप राहिला. अण्णा दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालतात.

"अण्णा, ही तशी अँटेना नाही. हिला तोंड नसतं, हिला चारी बाजूंचं सारखंच ऐकू येतं," मी म्हटलं.

"मास्तरीणबाई, अँटेनाला तोंड असतंयच. मी काय आज बघतोय?"

त्यांनी काठी त्या पाइपला बांधली, एका बाजूला तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका दिला आणि ठिपका कोल्हापूरकडं फिरवला. मग गवंडी बोलावून पाइपाचा पाया सिमेंटात बुजवून टाकला. हे सगळं मी शाळेतून यायच्या आत. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी चहा द्यायला गेलतो." थोरल्या दिरानं रोवलेलं धाकट्या भावाच्या बायकोनं उपटायचं, हे आमच्या घरात कधी झालेलं नाही. मीही केलं नाही, नुसती धुसफुसत राहिले.

पुण्याची, रत्नागिरीची, मुंबईला जाणारी विमानं नकाशावर रांगेनं दिसायला लागली तसा अण्णांचा ऊर भरून आला. माणसं बोलावून ते दाखवायचे. "बघा, आख्खा म्हाराष्ट्र दिसतोय हितनं." माणसं माना डोलवायची. आपण काय बघतोय हे त्यातल्या एकालाही कळत नव्हतं, पण महाराष्ट्र दिसतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

मुलगी सरावाला हिडकलच्या धरणाकडं जायची तेव्हा तिचं विमान दिसायचं. परत सांबऱ्याकडं वळलं, खाली आलं, की गायब. टाकी आड येते, हे मी अण्णांना कागदावर काढून दाखवलं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "कर्नाटकात शिरलं की सिग्नल पडतोय त्यो."

"मग हिडकल काय साताऱ्यात आहे?"

"ते येगळं," ते म्हणाले. अण्णांकडं उत्तर संपलं की ते येगळं असतं.

मग तो रविवार आला. मी भाजी निवडत होते. तिचा मेसेज आला: आज एकटीला सोडतायत, उतरले की फोन करते. खाली विमानाच्या शेपटीवरची अक्षरं. मी मोबाइल घेऊन स्लॅबवर पळाले. अण्णा तिथंच वाळत घातलेल्या मिरच्या राखत बसले होते. नकाशावर पुण्याचं विमान होतं, गोव्याहून निघालेलं होतं, समुद्रावरची दोन होती. सांबऱ्यावर काही नव्हतं. वर गेली का, वळली का, काही म्हणजे काही कळायला मार्ग नव्हता. टाकी तेवढी समोर उभी होती.

आजवर मी अण्णांशी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "अण्णा, सगळ्या महाराष्ट्राची विमानं दिसतायत. आपली एक पोरगी दिसत नाही. एकटी आहे ती आज."

त्यांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून बघितला, परत दिला. "येगळं" म्हणाले नाहीत. खाली गेले आणि पहार घेऊन आले. स्वतःच बुजवलेलं सिमेंट त्यांनी फोडलं, पाइप उपटला आणि गुडघे धरत टाकीच्या लोखंडी शिडीवर चढले. केबल ताणून जेमतेम पुरली. पाइप दोन्ही हातांनी धरून ते टाकीवर उभे राहिले. भर उन्हात, डोक्यावर टोपीसुद्धा नाही.

"तोंड कुणीकडं करू?"

"कुणीकडंही करा."

त्यांनी तांबडा ठिपका सांबऱ्याकडं फिरवला. तेवढ्यात नकाशावर ते चिमुकलं विमान उमटलं. शेपटीची अक्षरं तीच. ते धावपट्टीला समांतर जात होतं, मग वळलं, पुन्हा वळलं, उंची उतरायला लागली. मी मोठ्यानं वाचत गेले.

"किती हाय आता?"

"अडीच हजार फूट. उंची उतरायची थांबली. चाक टेकलं, अण्णा."

"अडीच हजारावर? मग उतरली न्हाय की अजून."

"उंची समुद्रापासून मोजतात. सांबराच तेवढं उंच आहे. ती जमिनीवर आहे. उतरा तुम्ही आता, पडाल."

ते उतरले नाहीत. समुद्राचं गणित त्यांना पटलं नव्हतं. पाइप तसाच धरून, घामानं निथळत, डोळे सांबऱ्याकडं लावून ते उभे राहिले. फोन वाजला, मी तो स्पीकरवर टाकला आणि "आई, उतरले गं" हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, तेव्हा कुठं ते शिडीला हात घालायला वळले. आवाज ऐकून वर आलेल्या नवऱ्यानं खालून आधार दिला. त्या दिवसातलं त्याचं तेवढंच काम.

दुसऱ्या दिवशी गवंडी पुन्हा आला. आता पाइप टाकीवर आहे आणि तांबडा ठिपका सांबऱ्याकडं आहे. माणसं विचारतात, अण्णा, अँटेना कर्नाटकाकडं का वळवली? "आमची पोरगी तिकडं हाय," अण्णा सांगतात. त्या काठीला तोंड नसतं, हे मी त्यांना पुन्हा सांगितलेलं नाही.