तारमामांची पेटी आणि मामींची इस्त्री

टेलिफोनच्या तारा जोडण्यात जन्म गेला म्हणून सगळी गल्ली त्यांना तारमामा म्हणते. निवृत्त झाल्यावरही मामांना स्वस्थ बसवेना. त्यांनी कपाटावर डब्याएवढी एक पेटी बसवली आणि ती इंटरनेटला जोडली. ज्यांना आपला ठावठिकाणा लपवायचा असतो, त्यांचे बंद निरोप अशा जगभरच्या पेट्यांतून हात बदलत जातात. कोणाचा, कोणाला, हे मधल्या पेटीला कळत नाही. पगार नाही, मानपान नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, असं मामी म्हणत.

मामी शिवणकाम करतात. खोलीत प्लग एकच. तारा जोडणाऱ्याच्याच घरी दिव्याखाली अंधार. दुसरा प्लग ‘उद्या बसवतो’ याला वर्षं लोटली होती. त्यामुळे कपड्याला इस्त्री करायची झाली की मामी खुशाल पेटीचा प्लग उपटत, आणि मामा ताटावरून उठवल्यासारखं तोंड करत.

"अगं, सारख्या बंद पडणाऱ्या पेटीवर कोण भरवसा ठेवील?"

अशातच मामींच्या धाकट्या बहिणीने मारकुट्या नवऱ्याचं घर सोडलं. तो हात धुऊन तिच्या मागे लागला, म्हणून मामांनी तिला याच वाटेने निरोप धाडायला शिकवलं. रोज सकाळी ‘बरी आहे’ एवढंच यायचं. एके दिवशी ते आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मामींचं शिवणात लक्ष लागेना.

"अहो, मी प्लग काढला तेव्हा तिचाच निरोप आत असला तर?"

"तसं नसतं गं. एक पेटी बंद पडली तर निरोप दुसऱ्या वाटेने जातो."

मामींना काही ते पटेना. त्या कपड्यांचं गाठोडं उचलून शेजारणीकडे इस्त्रीला जाऊ लागल्या. इकडे पेटीवरची धूळ मात्र स्वतः पुसत. ते पाहून मामांना भरून आलं आणि स्वतःची लाजही वाटली. त्यांनी छिन्नी-हातोडी काढली, भिंत खोदली आणि दुसरा प्लग बसवला.

नव्या प्लगवर मामी पहिलाच कपडा दाबत होत्या, तेव्हा फोनवर निरोप आला. ‘ताई, फोन पाण्यात पडला होता. बरी आहे.’ मामी इस्त्री तशीच कपड्यावर सोडून मनसोक्त रडल्या.

"आपल्याच पेटीतून आला ना हो?"

न तपासलेल्या तारेबद्दल मामांनी उभ्या नोकरीत कधी छातीठोक सांगितलं नव्हतं.

"आपल्याच," ते म्हणाले, आणि करपू लागलेल्या कपड्यावरून त्यांनी इस्त्री उचलली.