रिकाम्या सीटचा पट्टा

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी मला कोणी सांगायला लागलं की मी उठून भांडी घासायला जाते. शाळेत विज्ञान शिकवते मी. मुलांना अमावास्या म्हणजे काय ते चेंडू आणि बॅटरी घेऊन दाखवते. त्यामुळे इथे लिहितेय हे घरात कोणाला माहीत नाही... हे वाचतील तेव्हा वाचोत.

आम्ही चौलचे. नाक्यावरून आत वळलं की आमची नारळी-पोफळीची वाडी, आणि नारळ सोलायची पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये आता दोन गाड्या असतात. एक माझी, छोटी पांढरी, मी माझ्या पगारातून घेतलेली. दुसरी माझ्या दिराची, मंदारची. लाल, उंच, वर काचेचं छप्पर. मंदार बोटीवर असतो आणि जाऊबाई केतकी माहेरी पुण्याला, म्हणून गाडी आमच्याकडे. म्हणजे धूळ झटकायची आम्ही आणि गणपतीत मिरवायचं त्यांनी.

आणि सासरे? आमचे नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून शेडमध्ये न्यायचे. "धाकट्याची गाडी पाहिलीत?" माझी शेजारीच उभी असायची हो! तिच्याकडे बोटसुद्धा नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझा.

नानांनी उमेदीत जुनी डिझेल जीप चालवली होती, नारळ-सुपारी अलिबागच्या बाजारात न्यायला. तिच्या रेडिएटरला रोज सकाळी विहिरीचं लोटाभर पाणी घालायचं आणि बॉनेटवर जास्वंद ठेवायची. आधी गाडीला पाणी, मग आपल्याला चहा. जीप भंगारात गेली, सवय कुठे जाते? मंदारची नवी गाडी आली आणि नानांनी तिच्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीत विहिरीचं पाणी ओतायला सुरुवात केली. आमची विहीर खाडीजवळची, मचूळ. सर्व्हिसिंगला गेल्यावर डीलरच्या माणसाने कपाळाला हात लावला. सगळं काढून, धुऊन, नवं गुलाबी कूलंट भरलं आणि पुन्हा पाणी दिसलं तर वॉरंटी विसरा म्हणून बजावलं. मंदार फोनवर हसला फक्त. मी मात्र नानांना स्पष्ट सांगितलं, माझ्या गाडीचं बॉनेट उघडायचं नाही. मी डीलरचं सर्व्हिस पॅकेज घेतलंय, ते लोक बघतील काय ते. नानांनी मान डोलावली आणि खरंच, माझ्या गाडीच्या बॉनेटला पुन्हा कधी हात लावला नाही.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा अलिबागला डायलिसिस. ह्यांची नोकरी शिफ्टची, त्यामुळे गाडी मीच काढायची. नाना पुढे माझ्या शेजारी बसायचे. पट्टा कधी स्वतःहून लावायचे नाहीत, आणि आमच्या गाडीला ते चालत नाही. शेजारच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा नसला की गाडी टिंग टिंग सुरू करते. मग नाक्यावर गाडी थांबवायची, वाकून त्यांचा पट्टा लावायचा. "लावलंस दावं?" ते म्हणायचे, दर वेळी. गोठ्यातल्या गाईसारखे मान वळवून बाहेर बघत बसायचे. आणि बोलणं कसलं, तर मंदारच्या गाडीला वर काच आहे, त्यातून माडाचे शेंडे दिसतात म्हणे.

शिमग्याच्या आधी नाना गेले. मंदार बोटीवरून आला, दिवसकार्य झालं आणि निघताना म्हणाला, "वहिनी, गाडी आठवड्यातून एकदा चालू कर हां. बॅटरी उतरते. कूलंटपण बघत जा." मी हो म्हटलं.

नाही केली. एकदाही नाही. खोटं कशाला सांगू, मुद्दामच नाही केली. माझ्या गाडीची बॅटरी त्याच उन्हाळ्यात बसली, कूलंट खाली गेलं म्हणून मी डीलरकडे दोन खेपा घातल्या. तेव्हा माझी विचारपूस कोणी केली होती? म्हटलं, बसू दे त्यांचीही.

गणपतीला केतकी येणार म्हटल्यावर रेवदंड्याचा मेकॅनिक बोलावला. बॅटरी बसलेली असणार म्हणून तो जोडायच्या केबली घेऊनच आला होता. मी कपाटातून चावी काढली, त्याने फिरवली... आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू. पावसाळाभर हललेली नाही ती! त्याने बॉनेट उघडलं. टाकी काठोकाठ, 'मॅक्स'च्या रेघेच्या वर. गुलाबी रंग पार फिका पडलेला. झाकण ओलं होतं.

"वयनी, ब्याटरी फस्क्लास हाय," तो म्हणाला. "पन ह्यात पानी कोन घालतो रोज?"

उभ्या गाडीचं कूलंट फारसं कमी होत नाही, एवढं मलाही कळतं. पण ते वाढेल कसं? बॉनेटचा खटका गाडीच्या आत, गाडीला कुलूप, चावी माझ्या साड्यांखाली. ह्यांना विचारलं तर म्हणाले, मला माझी चप्पल सापडत नाही, मी कूलंट कुठून शोधू.

मला भीती वाटायला हवी होती ना? मला राग आला. इतका राग आला की रडू फुटलं. दिवेलागणीला नानांच्या फोटोसमोर उदबत्ती लावताना तोंडातून निघूनच गेलं. "मेल्यावरसुद्धा धाकट्याचीच गाडी? दवाखान्यात कोण नेत होतं तुम्हाला, नाना?"

दुसऱ्या दिवशी शाळेत निघाले. गाडीत मी एकटी. पर्स, डबा, सगळं मागच्या सीटवर. नाक्यापर्यंत पोहोचले आणि टिंग टिंग सुरू झालं. पुढ्यात दिवा लागलेला, शेजारच्याचा पट्टा नाही म्हणून. सीटवर हात फिरवून पाहिला, काही नाही. थांबेना. शेवटी वाकून रिकाम्या सीटचा पट्टा लावला, तेव्हा गप्प झाली. परतीच्या वाटेवर तेच. डीलरकडे नेली. त्यांनी कॉम्प्युटर लावला, सीट सोडवून सेन्सर पाहिला. काहीच दोष नाही म्हणाले. त्यांच्याकडे वाजली नाही. चौलला वाजते.

गणपतीत केतकीला घेऊन बाजारात निघाले. ती फुलं आणायच्या करंड्या सांभाळत मागे बसली होती. नाक्यावर टिंग टिंग. मी सवयीने पट्टा लावला. तिने विचारलं आणि मी सांगून टाकलं, सगळं. वाटलं हसेल. तिने मांडीवरची करंडी बाजूला ठेवली.

"तुम्हाला माहितीये ताई," मग म्हणाली, "आमच्या गाडीत नाना एकदाही बसले नाहीत. किती वेळा म्हटलं. म्हणायचे, मला थोरलीच्या गाडीची सवय आहे."

माडाचे शेंडे दिसतात म्हणायचे ते... मला वाटायचं त्या गाडीत बसूनच सांगतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूर्वा खुडत होते, तर केतकी लाल गाडी घेऊन निघालेली. एकटीच. शेजारची सीट रिकामी, काचा बंद. वाडीपासून नाक्यापर्यंत गेली, वळून आली. पुन्हा गेली. हळूहळू चालवत होती, मान शेजारच्या सीटकडे. परत येऊन गाडी शेडमध्ये लावली आणि डोळे पुसत उतरली. वाजलं का, हे मी विचारलं नाही. नव्हतं वाजलं, चेहऱ्यावरच दिसत होतं.

लाल गाडीच्या टाकीत आजही कोण पाणी घालतं, माझ्या शेजारी काय बसतं, मला ठाऊक नाही. विज्ञानात मला तरी उत्तर सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर जरूर कळवा.

केतकीसाठी तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगू? इतकं बरं वाटलं मला... मी दूर्वा तशाच टाकून, कारण नसताना गाडी काढली आणि नाक्यापर्यंत जाऊन आले.