जाधवसाहेबांचा कान

तीन बाण मारले आणि तिन्ही भिंतीत गेले. बोर्डाच्या डाव्या अंगाला, दीड वीत लांब. साखर कारखान्याच्या ऑफिसर्स क्लबात चेअरमनसाहेब, लेबर ऑफिसर जाधवसाहेब आणि चहाची वाट बघणारे पाचसहा अधिकारी बसले होते. त्याच दिवशी सकाळी मला डार्ट्सचा खेळाडू म्हणून कामावर घेतलं होतं आणि ही माझी ट्रायल होती.

चेअरमनसाहेब उठून भिंतीजवळ गेले. बाण नीट निरखून म्हणाले, "तिन्ही एका जाग्यावर बसलेत की."

"हो साहेब," जाधवसाहेब म्हणाले, "पण भिंतीवर."

डार्ट्स तेव्हा आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात कुणाला माहीत नव्हता, म्हणून आधी खेळ सांगतो. भिंतीवर एक गोल बोर्ड टांगतात. त्यावर वीस फाका आखलेल्या असतात आणि प्रत्येक फाकेला एक नंबर. सातआठ फुटांवरून हातानं छोटे बाण मारायचे. एका पाळीला तीन. ज्या फाकेत बाण बसेल तितके मार्क. बोर्डाच्या कडेनं एक बारीक पट्टी फिरते, तिला डबल म्हणतात. तिथं बाण बसला की मार्क दुप्पट. तीनशे एकपासून सुरुवात करून मार्क वजा करत जायचं आणि नेमकं शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण डबलमध्येच बसला पाहिजे. हे सगळं मलाही त्या दिवशी सकाळीच कळलं होतं.

माझा धंदा फुग्यांचा. गाव बेंबळी, नाव किसन, आडनाव वाघमारे. फुग्यांशिवाय आयुष्यात काही मारलेलं नाही. हाजीचाचांचं फुग्यांचं दुकान जत्रेजत्रेतून फिरायचं. फळीवर फुगे लावलेले, गिऱ्हाइकानं लांबून बाण मारून ते फोडायचे. पण जत्रेत नुसते फुगे बघून कुणी थांबत नाही. कुणीतरी फटाफट फोडून दाखवावे लागतात, मग बघणाऱ्याला वाटतं की यात काय अवघड आहे. ते फोडून दाखवणारा माणूस म्हणजे मी. बाण मारून पोट भरणारा जिल्ह्यात मी एकटाच होतो. ही फुशारकी नाही, दुसरा कुणी त्याला तयारच नव्हता.

आता धंद्यातली गोम सांगतो. हाजीचाचा प्रत्येक जत्रेआधी पक्कड घेऊन बसायचे आणि एकेका बाणाचं टोक किंचित वाकवायचे. तो बाण मारला की उजवीकडे सरकायचा. गिऱ्हाईक शिव्या देत पुन्हा बाण मागायचं. पण गिऱ्हाईकही वस्ताद असतं. "तुझ्या हातातलाच बाण दे" म्हणतं. म्हणून मलाही वाकडेच बाण वापरावे लागायचे. डोळा फुग्यावर आणि हात त्याच्या डावीकडे, अशी सवय लागली. मी ठरवून काही करत नव्हतो, हात आपलं आपण करायचा. पंधराएक वर्षं तसं चाललं. क्लबात मिळाले ते विलायती बाण. पितळी, जड आणि सुतासारखे सरळ. ते बिचारे मी फेकीन तिकडंच जात होते.

बहात्तरच्या दुष्काळात जत्रा नावालाच भरल्या. ज्यांना ज्वारी मिळत नव्हती ते फुगे कशाला फोडतील? हाजीचाचा आणि मी एकाच पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. पुढं पाऊस झाला, जत्रा पुन्हा भरल्या, आम्ही पुन्हा हिंडायला लागलो. पण माझ्या बायकोनं, सुमननं, तेव्हापासून एक गोष्ट मनात धरली होती. तिला घरात नळ पाहिजे होता. उन्हाळ्यात ती विहिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीनं घागर भरायची. मी तेव्हा कुठल्यातरी जत्रेत टाळ्या घेत असायचो. हे ती एकदाही बोलून दाखवायची नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

चेअरमनसाहेब मला भेटले सोनारीच्या जत्रेत. काळभैरवाचं दर्शन घेऊन ते दुकानापुढं थांबले. मी ओळीनं फुगे फोडत होतो. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नेम लई पक्का हाय गड्या तुझा. कारखान्यात येतो का?"

प्रकरण असं होतं. कारखान्या-कारखान्यांमध्ये दरवर्षी खेळांच्या स्पर्धा व्हायच्या. शेजारच्या कारखान्याचा चीफ इंजिनिअर परदेशातून डार्ट्सचा बोर्ड घेऊन आला आणि त्यांनी तो खेळ स्पर्धेत घातला. आदल्या वर्षी त्यांनी आमच्या लोकांना पार धुऊन काढलं. उसाचा उतारा कमी आला तरी चेअरमनसाहेब जेवायचे, पण शेजारच्या कारखान्याकडून हरले की त्यांना घास जात नसे. त्यांनी मला शब्द दिला. कागदावर टेम्पररी वॉचमन, काम डार्ट्सचं. मॅच जिंकली की परमनंट, आणि कॉलनीत क्वार्टर. कॉलनीतल्या प्रत्येक क्वार्टरला नळ होता. मी हाजीचाचांना त्याच दिवशी रामराम केला आणि घरी जाऊन सुमनला नळाचं सांगून टाकलं. तिथंच चुकलो. आधी ट्रायल होऊ द्यायची होती.

ट्रायलनंतर जाधवसाहेब म्हणाले, "साहेब, यांना आजच कमी करू. मस्टरवर नाव चढायच्या आत."

"महिना द्या त्याला," चेअरमनसाहेब म्हणाले. निवड त्यांची स्वतःची होती, त्यामुळे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त अवघड झालं होतं.

मी हात सुधारायला बसलो. आधी बाण निदान एका ठिकाणी तरी जात होते, आता भिंतभर पसरायला लागले. मग वाटलं, बाणच वाकवावेत. वर्कशॉपमधला फिटर पक्कड घेऊन तयारही झाला. तेवढ्यात जाधवसाहेब नियमांचं पत्रक घेऊन हजर. "बाणात फेरफार चालत नाही," ते म्हणाले. "आणि बाण ही कारखान्याची मालमत्ता आहे." माणूस वाईट नव्हता. फक्त नियम दिसला की त्यांना बरं वाटायचं.

घरी आल्यावर मी सुमनला सगळं सांगितलं. नळाची आशा सोड, असंही सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "बाण दर बारीला तितकाच लांब जातुया का?"

"हात सुधारायच्या नादी लागलो न्हाय तर तितकाच."

"मग तुमी उजव्या अंगाला तितकंच लांब बघा की. त्यात काय एवढं."

जन्मभर नेमाचा धंदा केलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी क्लबात गेलो. बोर्डाच्या उजवीकडे खताच्या कंपनीचं एक कॅलेंडर होतं, त्यावर ट्रॅक्टरचं चित्र. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाकडे बघून बाण मारला. वीसच्या फाकेत बसला. ड्रायव्हरकडे बघितलं, सहाच्या डबलमध्ये बसला. महिनाअखेर चेअरमनसाहेब खूश होते. जाधवसाहेबांना मात्र काहीतरी खटकत होतं.

"वाघमारे, तुम्ही बोर्डाकडे का बघत नाही?"

"लाज वाटतीया साहेब."

मॅच शेजारच्या कारखान्याच्या क्लबात होती. मी आत गेलो आणि आधी भिंत बघितली. पाहुणे येणार म्हणून त्यांनी भिंतीला चुना दिला होता. कॅलेंडर नाही, खिळा नाही, एक डागसुद्धा नाही. इतक्या सगळ्या तयारीत कॅलेंडर बरोबर घ्यावं, हे काही मला सुचलं नव्हतं.

दोन्हीकडून तीन-तीन खेळाडू. पहिल्या दोन मॅचमध्ये एक त्यांनी घेतली, एक आम्ही. आमचा जिंकला तो अकाउंटंट होता. तो कसा जिंकला हे त्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही. आता तिसरी मॅच, मी विरुद्ध चीफ इंजिनिअर. सुरुवातीला मी पांढऱ्या भिंतीवर अंदाजानं जागा धरली आणि बाण वाटेल तिकडे गेले. इंजिनिअर शंभरेक मार्कांनी पुढे निघून गेला. चेअरमनसाहेब पहिल्या रांगेत बसून रुमालानं मान पुसत होते.

पाहुण्या संघानं स्कोअर लिहायचा अशी पद्धत होती. म्हणून फळ्यापाशी, बोर्डाच्या उजवीकडे, खडू घेऊन आमचे जाधवसाहेब उभे होते. उंचापुरा माणूस. मी दुसरं काही दिसेना म्हणून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा बोर्डाकडचा कान बरोबर ट्रॅक्टरच्या चाकाच्या जागी होता. मी कानाच्या पाळीवर डोळा ठेवला आणि बाण सोडला. वीस. दुसरा, वीस. तिसरा, वीस.

तिथून मी भरभर खाली आलो. अडचण एकच होती, कॅलेंडर हलत नाही आणि लेबर ऑफिसर हलतो. एकदा ते खडू उचलायला वाकले आणि माझा बाण बोर्डाखालच्या भिंतीत घुसला. एकदा ते शिंकले, तेव्हाचं तर सांगण्यासारखं नाही. शेवटी माझे बारा राहिले, म्हणजे सहाचं डबल हवं, आणि ते बोर्डाच्या उजव्या कडेला असतं. इंजिनिअरलाही एकच डबल हवं होतं आणि त्याचा हात बघता पुढच्या पाळीला तो ते घेणार यात शंका नव्हती. माझ्याकडे तीन बाण होते. मी डोळे उचलले, तर जाधवसाहेब दोन पावलं मागे सरकून खिडकीला टेकले होते. आपल्याकडे कोण बघतंय हे त्यांना समजलं होतं.

मी स्कोअर बघायच्या निमित्तानं फळ्यापाशी गेलो.

"साहेब, पहिल्या जागी उभं ऱ्हावा. आन् हलू नका."

"म्हणजे तुम्ही खरंच माझ्या कानाकडे..."

"व्हय साहेब. आता पल्याडच्या."

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि आज नेमका तुमचा हात सुधारला तर?"

"महिनाभर सुधारला न्हाय साहेब. आज कशाला सुधरतोय."

जाधवसाहेबांनी एकदा चेअरमनसाहेबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि जागेवर येऊन उभे राहिले. समोरच्या संघातला कुणीतरी म्हणाला, "स्कोअरर इतका जवळ कसा?" जाधवसाहेब मान न वळवता म्हणाले, "स्कोअररनं कुठं उभं राहायचं, त्याचा नियम दाखवा." तसा नियम नव्हता. पत्रक त्यांना पाठ होतं.

मला त्या क्षणी खरंच भीती वाटली. नोकरीची, सुमनची आणि त्या कानाची, तिन्हींची एकदम. मी बाण सोडला आणि तो बोर्ड आणि कान यांच्या मधल्या चुन्यात घुसला. घाबरून हात थोडासा सुधारला होता. चुन्याचा पोपडा जाधवसाहेबांच्या खांद्यावर पडला. ते हलले नाहीत. फक्त "वाघमारे" एवढंच म्हणाले, हळूच.

मी हात शर्टाला पुसला. त्या माणसानं मला कामावरून कमी करायला सांगितलं होतं आणि आता माझ्यासाठी तो डोळे मिटून उभा होता. मी त्याच्या पल्याडच्या कानाकडे बघितलं आणि जत्रेत फेकतो तसा बाण फेकून दिला. सहाच्या डबलमध्ये बसला. जाधवसाहेबांनी आधी कान चाचपला, मग चष्मा घातला, मग फळ्यावर शून्य लिहिलं.

परमनंटची ऑर्डर त्यांनीच काढली. वॉचमन म्हणून. कारखान्याच्या आवारात बाण हातात घ्यायचा नाही, अशी एक ओळ त्यांनी आपल्या अक्षरात खाली घातली. पुढच्या वर्षी स्पर्धेतून डार्ट्स वगळला. सुरक्षिततेचं कारण दिलं होतं आणि प्रस्ताव आमच्याच कारखान्याचा होता. त्यामुळे बोर्डावरची माझी सगळी कारकीर्द एका मॅचची. खेळलो एक, जिंकलो एक.

क्वार्टरच्या नळाला पाणी दिवसाआड यायचं, तेही तासभर. पहिल्या दिवशी पाणी आलं तेव्हा सुमननं घागर भरली, कळशी भरली, परात भरली. सगळं भरून झाल्यावरही ती नळाखाली हात धरून बसून राहिली.

जाता जाता अनुभवाचं एकच सांगतो. माणूस कामावर घेताना त्याची हत्यारंही त्याच्यासोबत घ्यावीत. ते जमत नसेल तर निदान एखादा न हलणारा अधिकारी बघून ठेवावा.