एक हजार एकशे सत्तेचाळीस धाग्यांचा शेला

“भाऊले हिशोबच जमला नाई. सात धागे काढून टाकले, तवा कुठं शेल्याच्या चौकटी बसल्या.”

परवा नातीच्या लग्नात, मांडवभर पाहुण्यांसमोर, माझ्या धाकट्या बंधूंनी हे सांगितले. ऐकणारे हसले. बंधूंनी माग सोडून तुमसरला धान्याचा व्यापार धरला, त्याला फार वर्षे झाली. पोत्यात मूठभर कमी-अधिक चालते, तसे कापडातही चालते, अशी त्यांची समजूत झालेली दिसते.

तो शेला मी विणला थोरल्या मुलीच्या लग्नात जावयाच्या खांद्यावर घालण्यासाठी. गोंदिया वेगळा होऊन जिल्हा निम्मा उरला होता आणि आमच्या आळीतले मागही एकेक करून थांबत होते. आपल्या हातचा शेवटचा मोठा शेला हाच, हे मला कळत होते. म्हणून तो वडिलांच्या फणीवरच विणायचा आणि तिचे एकही घर रिकामे ठेवायचे नाही, असे मी ठरवले. मागाच्या फणीच्या दोन दातांमधल्या प्रत्येक घरातून ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा जातो. कडेची मोडलेली घरे पूर्वीच कापून टाकलेली होती. दोन्ही काठांची घरे वगळता मध्ये उरली एक हजार एकशे सत्तेचाळीस. तेवढ्या धाग्यांच्या सारख्या चौकटी पाडायच्या होत्या. काठाशी तुटकी चौकट आली की विणकराची लाज गेली.

ओसरीवर खडू घेऊन मी भागत बसलो. दोन, तीन, पाच यांचा प्रश्नच नव्हता. सात, अकरा, तेरा, सतरा, प्रत्येकाने काही ना काही मागे ठेवले. एकोणिसाने भागले तेव्हा बरोबर सात उरले. ताणा लावायच्या मदतीला आलेल्या बंधूंनी तिथेच तोंड उघडले.

“भाऊ, काहून डोकं फोडून राहिले? सात धागे काढून टाका ना. एकोनीसच्या साठ चौकटी बसते. कोन मोजते?”

“मी मोजतो.”

“जावई का सुई घेऊन बसनार हाय मांडवात?”

“अबे, बाबाची फणी हाय. तिचे सात घरं रिकामे ठेवू? तू आपले पोते मोज.”

तेविसाने वीस उरले, एकोणतिसाने सोळा. “आता तं माना, नाई बसत,” असे म्हणून ते उठले आणि त्यांनी तुमसरची बस धरली. पुढचे त्यांनी पाहिलेलेच नाही, तरी सांगतात मात्र तेच.

मी उठलो नाही, कारण कुठवर जायचे हे मला ठाऊक होते. भाजक जोडीने येतात. जोडीतला धाकटा सापडला की थोरला आपोआप हाती येतो. तेहतिसाचा वर्ग एक हजार एकोणनव्वद आणि चौतिसाचा एक हजार एकशे छप्पन्न, म्हणजे या संख्येच्या जोडीतला धाकटा तेहतिसाच्या पुढे असूच शकत नाही. तेथवर शोध पुरा केल्याशिवाय हार मानायची नाही आणि त्यापुढे व्यर्थ शिणायचे नाही. एकोणतीस झाले होते. विषम संख्येला तीस जाणार नाही. मी एकतिसाने भागले. भागाकार सदतीस, बाकी शून्य.

एकतीस-एकतीस धाग्यांच्या सदतीस चौकटी विणल्या, प्रत्येकीचा पहिला धागा लाल. वडिलांच्या फणीचे प्रत्येक घर भरले. दोन्ही काठांशी अख्खी चौकट आली. त्या क्षणी मला वाटलेला अभिमान मी तेव्हाही लपवला नाही.

बंधूंचे खरे मानले तर उरतात एक हजार एकशे चाळीस धागे. त्यांत एकोणिसाच्या चौकटी बसतात, हे मला मान्य आहे. एकतिसाच्या बसत नाहीत, चोवीस धागे उरतात. शेला आजही करडी गावी मुलीच्या घरी आहे. ज्यांना हसू आले त्यांनी सुई घेऊन तेथे जावे आणि कोणत्याही चौकटीच्या लाल धाग्यापासून पुढच्या लाल धाग्याच्या अलीकडपर्यंत मोजावे.

एकतीस भरतात.