हाजराबी विमानाने कराचीला गेली

प्रेक्षक टाळ्या आम्हाला देत, पण आम्हाला राजे-राण्या करायची ती हाजराबी. नाशिकच्या आमच्या नाटक मंडळीत पोशाख शिवायचं आणि जपायचं काम तिचं. मी स्त्रीभूमिका करायचो. निऱ्या काढून झाल्या की ती पाठीत अशी चापट मारायची, की पडदा वर जाईपर्यंत मी ताठ!

साल तेहेतीस असेल. सोमवारी दुपारी कराचीहून तिच्या एकुलत्या एका मुलाची, जमीलची तार आली. तो जहाजावर खलाशी. जहाज गुरुवारी सकाळी आफ्रिकेला सुटणार होतं आणि तीन वर्षं परत येणार नव्हतं.

आमचे व्यवस्थापक चिमाजीराव म्हणाले, "मुंबईहून कराची सरळ गेलं तर साडेपाचशे मैल. पण मधे कच्छचं रण. आगगाडी मारवाडावरून केवढा वळसा घालते! शुक्रवार उजाडेल, हाजराबी."

"शुक्रवारी जाऊन समुद्राला सलाम करू? टपालाचं विमान बुधवारी सकाळी जुहूहून उडतं आणि दुपारी कराचीत उतरतं. एखादा उतारूही घेतात."

"अगं, तू टांग्यात डोळे मिटून बसतेस!"

"मग विमानातही मिटीन."

मंडळीच्या रिवाजाप्रमाणे मागे तिच्या मदतीसाठी तिच्या नावाने एक खेळ लावला होता. त्याचं उत्पन्न तिने म्हातारपणासाठी ठेवलं होतं. ते सगळं तिने तिकिटात घातलं.

बुधवारी सकाळी मी तिला घेऊन जुहूच्या मैदानावर पोचलो. हातात एवढंसं गाठोडं, पण बुरख्याच्या आत बाई घागरीसारखी फुगलेली. दौऱ्यावर रेल्वेचं जादा भाडं वाचवायला आम्ही जड पोशाख अंगावर चढवून प्रवास करायचो. तीच युक्ती इथे! जमीलसाठी शिवलेला लोकरी कोट, दोन सदरे, दुलई, कमरेला तांब्याचा डबा.

आणि कारकुनाने गाठोड्यासकट तिलाच काट्यावर उभं केलं.

"वजन जास्त होतंय. टपाल आधी, माणूस नंतर."

"साहेब, माणसालाही तोलता होय तुम्ही?"

मी म्हटलं, "हाजराबी, चल परत."

"गप रे सावळीराम! तुझी शाल धर आडवी."

मी शालीचा पडदा धरला. दुलई आली, डबा आला, सदरे आले. वजन अजून जास्तच. तिने गाठोडं माझ्याकडे फेकलं, चपला काढल्या. शेवटी कोट उरला. रात्र-रात्र जागून शिवलेला. तिने त्याची कॉलर एकदा नीट केली आणि तो माझ्या खांद्यावर टाकला.

"आता तोला."

कारकुनाने होकाराची मान डोलावली. दोन टपाल-थैल्यांच्या मधे अंग चोरून ती बसली. डोळे उघडेच होते.

पुढचं तिनेच सांगितलं. अहमदाबादला पेट्रोल घेऊन विमान दुपारी कराचीत उतरलं. ती टांग्याने थेट बंदरावर गेली. जमील दोर ओढत होता. त्याने आधी तिचे अनवाणी पाय पाहिले.

"अम्मी, चपला कुठं गेल्या?"

"जुहूला. ये, बस आधी."

धक्क्यावर लाकडाच्या ओंडक्यावर दोघं दिवे लागेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी तिने जहाज दिसेनासं होईपर्यंत हात हलवला आणि मग स्टेशनची वाट विचारली.