एक पट्टी उतरून

ललिताबाई उजगरेंचा राग दुधासारखा उतू जाणारा नव्हता, तो लोणच्यासारखा बरणीत मुरायचा. अमरावतीच्या चर्चमधला जुना ऑर्गन त्यांनी पायानं भाता मारत एकतीस वर्षं वाजवला. नवरा वारला म्हणून त्या तीन रविवार घरी बसल्या, तेवढ्यात गायकवृंदाचा प्रमुख योगेश यानं त्यांच्या जागी विजेचा कीबोर्ड मांडला. वर भर मंडळीत म्हणाला, "काकू, ते धूड आता भंगारात शोभते." ते वाक्य बाईंनी गाठीला बांधून ठेवलं.

योगेश अकोल्याहून आला त्याला अकरा वर्षं झाली होती. आवाज गोड, पण वर चढताना धाप लागायची. त्यात ऑर्गन मूळचाच अर्धा सूर चढा. म्हणून त्याच्या गाण्याला बाई गुपचूप एक पट्टी उतरून वाजवायच्या. योगेशला वाटायचं, आपला गळाच तेवढा चढतो. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याला पीठ कुणी दळलं ते कुठून कळणार?

नोव्हेंबरात मृतांच्या आठवणीची उपासना आली. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच संगीतकाराची मृतांसाठीची प्रार्थना, मराठी शब्द बसवून, चार आवाजांत गायची होती. मधलं एकट्याचं गाणं अर्थातच योगेशचं, आणि ते संपलं की वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जाणार होती.

उपासनेआधी दहा मिनिटं गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला अन् कीबोर्ड मुका झाला. पाळकसाहेब बाईंकडे आले. योगेश मागे खाली मान घालून उभा होता. बाई उठल्या आणि कोपऱ्यात सारलेल्या ऑर्गनवर जाऊन बसल्या.

समूहगीतं त्यांनी एक पट्टी उतरूनच वाजवली. पोरीबाळींशी त्यांचं वैर नव्हतं. योगेश पुढे आला, तेव्हा मात्र त्यांनी कागदावर लिहिलं होतं तस्संच वाजवलं. सर्वांत उंच सुरावर त्याचा आवाज चरकन फाटला. मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाईंच्या अंगावरून सुखाचा काटा सरकला, आणि त्या शेवटच्या स्वरावर बोट दाबून नुसत्या ते सुख चाखत राहिल्या.

नंतर योगेश लाल तोंडानं आला. "काकू, पेटी बिघडली काय?"

"पेटी तशीच हाये. अकरा वर्षं मीच तुयासाठी एक पट्टी उतरून वाजवत होती. आज नाई वाजवली."

योगेशचं तोंड उतरलं. पुढच्या रविवारपासून तुम्हीच ऑर्गनवर बसा, एवढंच तो कसाबसा म्हणाला.

दुपारी बाई कब्रस्तानात गेल्या. नवऱ्याच्या कबरीवरचा पालापाचोळा हातानं बाजूला केला.

"आज तुमचं नाव वाचलं म्हणतात," त्या म्हणाल्या. "मले ऐकू आलं नाई. मी त्याचा फाटलेला सूरच ऐकून राहिली होती."